ओवळ्याचं पाणी

सात वर्षं टँकरचं पाणी प्यायले आमचे नळ.
दर अकरा महिन्यांनी करार नवा झाला,
क्षार जुनाच राहिला,
थरावर थर,
शॉवरची निम्मी भोकं आंधळी,
गीझरच्या पोटात खडे.

मालक छेडा फोनवर फार गोड बोलतात:
"जसं दिलं तसं द्या, ताई.
डिपॉझिट कुठं पळून जातंय?"

म्हणून सकाळी ७०३ मध्ये गेले, ग्रेटाबाई मेंडोन्सांकडे.
त्यांच्याकडे व्हिनेगर दोन असतात.
एक वसईहून येतं, माडाच्या सुरीचं, तपकिरी;
ते सोरपोतेलला आणि नाताळच्या लोणच्याला.
"त्याला हात लावशील तर याद राख."
दुसरं पांढरं, किराणावाल्याचं.
अर्धं हे, अर्धं पाणी.
ब्लीचजवळ नेऊ नकोस, दोघांचं पटत नाही,
वाफ छातीत जाते.
आणि संगमरवरावर नाही.
"काय सांगितलं?"
संगमरवरावर नाही, मी म्हटलं,
बाकावर उभं केल्यासारखी.

फडकं भिजवून नळाच्या तोंडाला बांधलं,
तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसं,
आणि शेजारी बसून राहिले.
घरभर चायनीजच्या गाडीचा वास.
विश्राम खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता म्हणाला,
"भूक लागली."

आईचा फोन. तिला हे विकतचं आंबट पटत नाही.
पितळेला चिंच, चांदीला रांगोळी,
बाकीच्याला मनगट, असा तिचा हिशेब.
"आणि गावाचं नावच ओवळं,
तिथं सोवळं ते काय होणार!"
सात वर्षं हाच विनोद.
सात वर्षं मी हसते.
आजही हसले, पण फडकं पिळता पिळता.

तासाभरानं गाठ सोडली.
जुना टूथब्रश नुसता टेकवला
तर पापुद्रा निघाला,
उकडलेल्या अंड्याचं कवच निघावं तसा सबंध.
आत नळ होता.
त्यात माझं तोंड, लांबट, घोड्यासारखं.
इतकी वर्षं मी याच्याखाली भांडी विसळली
आणि हा चकाकतो हे आज कळलं,
आज,
जेव्हा तो दुसऱ्या कुणाचा होणार.

मग चेवच आला.
फ्रिजच्या रबरातली काळी रेघ.
कपाटामागची बुरशी.
सोफा हलवल्यावर भिंतीवर दिसलेला
विश्रामच्या डोक्याचा तेलकट गोल;
तो जाताना जरा थांबले,
मग पुसलाच.
खिडकीच्या काचेवर मेट्रोच्या खांबांचं सिमेंट,
घोडबंदरच्या ट्रकांचा धूर.
ओल्या वर्तमानपत्रानं घासलं
आणि येऊरचा डोंगर एकदम पुढं आला,
झाडं सुटी सुटी मोजता येतील इतका.
मी पाहुण्यांना सांगायचे,
आमच्याकडे बारा महिने धुकं असतं.
काचेचं होतं ते.

संध्याकाळी वास उडून गेला.
घर कुणाचंच नव्हतं,
जसं दिलं तसं.

आणि ओट्यावर, बाटली उचलली तिथं,
तिच्या बुडाएवढा एक गोल.
फिका. पॉलिश खाल्लेला.
कुठून तरी थेंब ओघळला असणार.
पाण्यानं पुसलं, तेल लावलं, नखानं खरवडलं.
डाग असता तर निघाला असता.
हा डाग नव्हताच,
दगडच तेवढा कमी झाला होता.

"किती कापतील?" विश्रामनं विचारलं.
मी उत्तर दिलं नाही.

ग्रेटाबाई बाटली न्यायला आल्या.
चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या.
"सांगितलं होतं ना."
मग बोट ओलं करून त्या गोलावरून सावकाश फिरवलं,
जणू कुणाचा नाडीठोका बघतायत.
"राहू दे. यावर मिठाची बरणी ठेव उद्या,
त्याला काय दिसतंय."

छेडा अकराला येणार आहेत,
मोबाइलचा टॉर्च लावून बघतात म्हणे.
मिठाची बरणी मी खोक्यात भरली,
वरून चिकटपट्टी लावली.

ओट्यावर काहीच ठेवलं नाही.